पहिली पेढी बोलेना

“मॅडम, माझ्या पडद्यावर नुसती काडी लुकलुक करत्या. पुढं काय हालंना!” फोनवर आठ नंबरची पेढी ओरडत होती.

मी फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजला. तेवीस नंबर. “आमाला तर आतच घेईना झालंय. ‘जोडणी नाकारली’ म्हणतंय. पाडव्याच्या दिवशी नाकारतंय म्हंजे काय? आमी काय उधारी बुडवलीया?”

“बघते काका. जरा धीर धरा.”

“धीर धरतो, पण मुहूर्त धरंल का?”

मी खिडकीतून खाली पाहिलं. बाजार समितीच्या हॉलमध्ये नव्या हंगामाच्या गुळाच्या थप्प्या लागल्या होत्या आणि प्रत्येक थप्पीवर झेंडूची माळ होती. कडक इस्त्रीचे सदरे घातलेले शेतकरी आपापल्या थप्पीला टेकून उभे होते. आणि सगळ्यांच्या माना वर, माझ्या खिडकीकडे. अशा वेळी माणसाला आपले हात कुठे ठेवावेत तेही कळत नाही.

आमच्या पेठेत गुळाचे सौदे दिवाळीच्या पाडव्याला निघतात. त्याआधी कितीही गूळ येऊन पडो, भाव फुटत नाही. वर्षानुवर्षं हे सौदे तोंडी व्हायचे. खरेदीदार थप्पीभोवती कडं करायचे, एकमेकांच्या अंगावर ओरडायचे आणि ज्याचा घसा मोठा त्याचा गूळ. त्या वर्षी समितीने ठरवलं, की खरेदीदारांनी नमुने आदल्या दिवशी बघून घ्यायचे आणि बोली आपापल्या पेढीवर बसून काँप्युटरवरून लावायची. तीस पेढ्या, तीस मशीनं. पेठेच्या पत्र्यांवरून केबली खेचल्या आणि त्या सगळ्या आल्या समितीच्या माडीवरच्या या खोलीत, आमच्या सर्वरला.

आमच्या म्हणजे नाईकनवरे सरांच्या आणि माझ्या. सरांची उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती. निवृत्तीनंतर त्यांनी बसस्टँडसमोर काँप्युटरचा क्लास काढला. तिथे मी आधी शिकायला गेले आणि मग शिकवायलाच राहिले. समितीचं काम सरांच्या शब्दावर मिळालं. बोली लावणं, सर्वांत वरची बोली धरणं, ती सगळीकडे दाखवणं, हा सगळा भाग माझा. दारावरचा भाग सरांचा. दार म्हणजे येणारी प्रत्येक जोडणी आत घेणं. आमच्या भाषेत त्याला ‘ॲक्सेप्ट’ म्हणतात.

समितीचे चेअरमन बाळगोंडा आण्णा यांनी मला कामावर घेताना सरळ सांगितलं होतं, “हे बघ मगदुमाच्या पोरी. मुहूर्ताचा सौदा मशीनवर पार पडला, तर ही खुर्ची तुझी, कायमची. ऑर्डर काढतो. न्हाई पडला, तर मशीन झाकून ठेवायची आन् तू परत पोरांना शिकवायला जायचं. मग मला काय म्हणू नकोस.”

मला ती खुर्ची हवी होती. उगीच आढेवेढे कशाला घेऊ? मनापासून हवी होती. आमच्या पेठेत बायका गूळ निवडायला येत, झाडायला येत. सौद्यात बाई उभी राहिलेली कुणी पाहिली नव्हती. मी उभी नाही, चांगली खुर्चीत बसून सौदा चालवणार होते. मी आईला तसं सांगूनही टाकलं होतं आणि आईने सगळ्या गल्लीला.

आणि आता पाडव्याच्या सकाळी, मुहूर्त जेमतेम तासभर उरलेला असताना, सर्वर मख्ख बसला होता.

“केबल,” सर म्हणाले. “पत्र्यावर माकडं फिरतात. कुठेतरी तुटलीय. मी माणूस वर चढवलाय.”

“सर, केबल तुटली असती तर नाकारलं कुणी असतं? नाकारायला तरी दारापर्यंत यावं लागतं.”

“मग स्विच गेला असेल.”

“दिवे लागलेत सगळे.”

सर चिडले, म्हणजे त्यांनी चष्मा काढून पुसला. ते चिडले की एवढंच करायचे. तेवढ्यात जिन्यावर आण्णांच्या कोल्हापुरी चपलांचा आवाज आला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

“काय झालं?” आण्णांनी दारातूनच विचारलं. “खाली मंडळी इचारत्यात. तोंडानं सौदा काढायचा म्हणत्यात. मी काय सांगू?”

“थोडा वेळ द्या, आण्णा.”

“येळ माझ्या खिशात हाय व्हय? भटजीनं दिलाय तेवढाच.” त्यांनी नाईकनवरे सरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “अर्ध्या घटकेनं मी परत येतो. तवर जमलं तर ठीक. न्हाईतर घसे तयार हाईत खाली.”

ते गेले. मी सर्वरच्या पडद्यासमोर बसले आणि घोडं नेमकं कुठं पेंड खातंय ते शोधायला लागले. फोनवर आलेल्या तक्रारी कागदावर मांडल्या तेव्हा एक गोष्ट दिसली. पाच पेढ्यांवर काडी लुकलुकत होती, म्हणजे त्या दारापर्यंत पोचून रांगेत उभ्या होत्या. दाराबाहेरची रांग सरांनी पाचांचीच ठेवली होती. बाकीच्यांना रांगेतही जागा नव्हती, म्हणून त्यांना नाकारलं जात होतं. मग दारात कोण होतं?

पडद्यावर सकाळपासून एकच ओळ होती: ‘जोडणी आली. पेढी क्रमांक विचारला.’ त्याच्यापुढे उत्तर नाही. पत्त्यावरून पाहिलं तर ती पेढी क्रमांक एक होती. शिवलिंगाप्पा कोरे.

“सर, अप्पांचं मशीन जोडलं गेलंय, पण ते नंबर टाकत नाहीयेत. आणि तुमचा प्रोग्राम त्यांच्या उत्तराची वाट बघत उभा आहे.”

“बरोबर आहे,” सर म्हणाले. “नंबर कळल्याशिवाय पुढच्याचा फोन उचलायचाच नाही. ऑपरेटरचा पहिला नियम.”

“पण एखादा नंबर सांगतच नसला तर?”

“मगदूम, फोन लावून गप्प कोण बसतं?”

वादात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. मी जिना उतरले आणि पदर खोचून पेठेतून पळत सुटले. पाडव्याच्या दिवशी नवी साडी नेसलेली बाई अशी पळताना बघून लोकांना वाटलं असणार, की कुणाच्या घरी तरी काहीतरी झालं.

कोरेअप्पा म्हणजे पेठेतली सगळ्यांत जुनी पेढी. पाडव्याला आधी अप्पांच्या दुकानाचं कुलूप निघायचं, मग बाकीच्यांची. मुहूर्ताच्या सौद्यात पहिली बोली अप्पांची, मग बाकीच्यांची. हा मान कुणी लिहून दिलेला नव्हता, पण मोडायची कुणाची छाती नव्हती. काँप्युटर आले तरी हे बदललं नाही. अप्पांनी मशीन चालू केल्याशिवाय पेठेत कुणी बटणाला हात लावला नव्हता. म्हणजे आमच्या दारात पहिला पाय अप्पांचाच पडणार होता.

मी पेढीच्या उंबऱ्यावर जाऊन थबकले. पांढऱ्याशुभ्र गादीवर, जिथे दरवर्षी नव्या वह्या मांडायचे, तिथे काँप्युटर मांडला होता. पडद्याला झेंडूचा हार होता. वर हळदीकुंकवाची बोटं. कीबोर्डवर विड्याची पानं मांडलेली, पानांवर सुपाऱ्या, हळकुंडं, आणि मधोमध नारळ. समोर समई तेवत होती. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले अप्पा रेशमी धोतर नेसून हात जोडून बसले होते आणि शेजारी पूजा सांगणारे स्वामी मंत्र म्हणत होते. पडद्यावर, हाराच्या आडून, आमची ओळ दिसत होती: ‘पेढी क्रमांक सांगा.’

वहीपूजन! पाडव्याला व्यापारी नव्या वहीची पूजा करतो आणि मगच पहिलं अक्षर लिहितो. या वर्षीची वही ही होती. आणि आम्ही, व्यापाऱ्यांना त्रास नको म्हणून, मशीन चालू केलं की प्रोग्राम आपोआप उघडून सर्वरला जोडला जाईल अशी सोय करून ठेवली होती. शहाणपणाची कमाल. आठवडाभर सराव घेतला होता, पण सरावाला पूजा कोण करतं? तेव्हा सगळे बसले, नंबर टाकला, चालू.

“अप्पा,” मी हळूच म्हटलं, “नुसता एकचा आकडा दाबू का? एकच बटन.”

अप्पांनी डोळे उघडले. रागावले नाहीत. लहान मूल देवघरात चपला घालून आल्यावर आजोबा बघतात तसं पाहिलं. “त्यावर लक्ष्मी बसल्याय पोरी. आरती झाल्याबिगर हात न्हाई लावायचा.”

“मग पूजा होईपर्यंत मशीन बंद ठेवलं तर?”

“बंद मशीनची पूजा? समई इझवून आरती करत्यात व्हय गं कुठं?” त्यांनी पुन्हा हात जोडले. “बस. परसाद घिऊन जा.”

आरती लांब होती. नमनालाच घडाभर तेल चाललं होतं. मशीनच्या मागून निळी केबल भिंतीकडे गेलेली मला दिसत होती. हात लांब केला असता तर पोचला असता. ओढली की अप्पांची जोडणी तुटणार, सर्वर मोकळा होणार. पण पाडव्याच्या दिवशी, पूजेत बसलेल्या म्हाताऱ्याची वायर उपटायची? आणि ज्याची पहिली बोली, त्यालाच बाहेर काढायचं? माझा हात काही पुढे होईना.

मग मी सहज मागे वळून रस्त्यापलीकडे पाहिलं. समोरच्या पेढीतही पडद्याला हार होता. त्याच्या शेजारच्या पेढीत नारळ, उदबत्त्या. त्याच्या पलीकडच्या पेढीत घरातल्या सुना मशीनला ओवाळत होत्या. सगळी पेठ चालू मशीनपुढे हात जोडून बसली होती. आठ नंबरवाल्यासारखे सातआठ जण तेवढे आरती आटोपून हातघाईवर आलेले, बाकी सगळे पूजेत. एका अप्पांची वायर ओढली असती तर दारात दुसरा गप्प माणूस येऊन उभा राहिला असता, मग तिसरा. तीस वायरी मी किती उपटणार होते?

मला तिथेच हसू फुटलं. पाचावर धारण बसलेली असताना हसू कसं येतं देव जाणे, पण आलं. चूक अप्पांची नव्हती, पेठेची नव्हती, केबलचीही नव्हती. चूक दाराची होती.

मी धापा टाकत माडीवर आले. “सर, सगळे पूजा करताहेत.”

“कसली पूजा?”

“काँप्युटरची! मशीन चालू ठेवून. फोन लावून गप्प कोण बसतं विचारलंत ना? आपली अख्खी पेठ बसलीय.” मी खुर्ची ओढली. “दारात कुणाला काही विचारायचंच नाही. आला की आत घ्यायचा, त्याच्यासाठी वेगळा धागा, म्हणजे त्याचा स्वतंत्र ऑपरेटरच म्हणा, सोडायचा, आणि नंबर-बिंबर त्या धाग्याने निवांत विचारायचा. दार लगेच पुढच्याला मोकळं. मग कुणी तासभर आरती करो.”

“म्हणजे ओळख पटायच्या आधी आत घ्यायचं?”

“आत म्हणजे ओसरीवर, सर. बोलीचा अधिकार नंबर दिल्यावरच. पण रस्त्यात कुणी उभं राहणार नाही.”

“आणि मुहूर्ताच्या दिवशी चालता प्रोग्राम बदलायचा? बिघडला तर?”

“आत्ता काय चाललंय, सर?”

सरांनी चष्मा काढला. मला वाटलं, संपलं. पण त्यांनी तो न पुसताच परत घातला आणि माझ्या मागे येऊन उभे राहिले. “लिही,” म्हणाले. “मी वाचतो. घाईत माणूस स्वतःचं लिहिलेलं वाचत नाही.”

मी लिहायला घेतलं. प्रश्न विचारणाऱ्या ओळी दारातून उचलल्या आणि वेगळ्या ठेवल्या. दारात उरलं एवढंच: जोडणी घे, धागा सोड, पुन्हा दारात ये. रांग पाचाची पन्नास केली. घाईत एक शब्द तीनदा चुकला. शेवटी मी प्रोग्राम बांधायची, म्हणजे कंपाइल करायची, आज्ञा देणार, तेवढ्यात सरांनी माझं मनगट धरलं.

“थांब. प्रत्येक धाग्याला तू जोडणी कुठून देतेयस?”

“या इथून.”

“ही एकच जागा आहे. अप्पा आले, तू इथे ठेवलेस. धागा त्यांना उचलायच्या आत दुसरा आला, तर तोही इथेच. मग दोन धागे एकाच गिऱ्हाइकाशी बोलणार, आणि अप्पा लटकणार. मगदूम, हे क्रॉस कनेक्शन आहे! जन्मभर शिव्या खाल्ल्यात मी याच्यासाठी.”

मी बघितलं. सोळा आणे खरं होतं. सरांनी पकडलं नसतं, तर अप्पा बाहेरच लटकले असते, त्यांच्याआधी आठ नंबरची बोली पडली असती आणि पेठेत डोकी फुटली असती. प्रत्येक येणाऱ्याला मी स्वतःची वेगळी जागा दिली. सर म्हणाले, “आता बांध.”

जिन्यावर चपला वाजल्या. आण्णा दारात येऊन उभे राहिले. मी जुना सर्वर बंद केला. त्या क्षणी पेठेतल्या सगळ्या जोडण्या तुटल्या. पेढ्यांवरचे प्रोग्राम आपण होऊन पुन्हा प्रयत्न करतील, असं मी लिहून ठेवलं होतं. लिहिलं होतं खरं. चालतं का ते आता कळणार होतं.

नवा सर्वर सुरू केला. पडदा कोरा. मग एक ओळ आली: ‘जोडणी आली.’ तिच्याखाली लगेच दुसरी. तिसरी. मग एकदम ढीगच लागला, ओळींवर ओळी, वाचता येईना इतक्या भराभर. मी उभी राहिले. सर बोटाने मोजत होते आणि मोठ्याने म्हणत होते, “आला! हा आला! हा पण आला!” पडदा थांबला तेव्हा तीसच्या तीस पेढ्या आत होत्या. एकही बाहेर नाही. फोन वाजला, आठ नंबर. “मॅडम, नंबर इचारतंय! टाकू का?”

“टाका काका, टाका!” मी किंचाळलेच.

आठ, मग तेवीस, मग सतरा. ज्यांची पूजा झाली ते नंबर टाकून बसत होते. ज्यांची चालली होती ते गप्प होते, आणि कुणाचं कुणामुळे अडत नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराने पुसलं आणि कुणी बघितलं असेल तर बघू दे म्हटलं.

“मग आता सौदा का निघंना?” आण्णांनी विचारलं.

“अप्पांची आरती चाललीय. पहिली बोली त्यांची ना?”

“मंजे अजून मशीन अडलंयच की!”

“मशीन नाही अडलं, आण्णा. सगळे आत येऊन बसलेत. आता थांबलेत ते मानानं थांबलेत.”

आण्णांनी हे जरा तोंडात घोळवलं. मग खिडकीतून खाली ओरडले, “मंडळी! समदं चालू झालंय! अप्पांची आरती हुंद्या, सौदा निघतोय!” खालून एकच गलका उठला.

थोड्याच वेळात पेठेच्या टोकाकडून घंटा आणि शंख ऐकू आला. मग शांतता. आणि पडद्यावर ओळ उमटली: पेढी क्रमांक एक, हजर. नारळ उचलला गेला होता. तिच्यापाठोपाठ अप्पांची बोली आली, पहिल्या थप्पीवर. मग जे सुटलं ते सुटलं! बारा नंबर वर गेला, त्याच्यावर आठ, त्याच्यावर सव्वीस, पुन्हा अप्पा. आकडा चढत होता आणि ओरडणारं कुणीच नव्हतं. हॉलमधली मंडळी भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बघत आकड्यामागे ‘हां! हां!’ करत होती. अप्पा शेवटी असे काही वर गेले की बाकीच्यांनी नाद सोडला. आकडा थांबला.

मुहूर्ताचा भाव चेअरमनने माईकवरून पुकारायचा, ही रीत. आण्णांच्या आधी त्यांचे चुलते पुकारायचे. भाव माईकवरून आल्याखेरीज तो भाव झाला असं पेठ मानायची नाही, पडद्यावर काहीही दिसो. लांब वायरीचा माईक आण्णांच्या हातात होताच. त्यांनी तो तोंडाशी नेला, पडद्याकडे पाहिलं आणि खाली आणला. मग माईक माझ्यापुढे धरला.

“आकडा तुझ्या दारातनं आलाय. तूच वाच.”

“मी?”

“मग काय मी तुझी खुर्ची घिऊ?”

मी माईक घेतला. सर भिंतीला पाठ टेकून उभे होते आणि चष्मा नसताना त्यांचे डोळे फार लहान दिसत होते. मी खिडकीत गेले. खाली सगळ्या माना वर. यावेळी हातांचं काय करायचं हा प्रश्न नव्हता.

“थप्पी पहिली,” मी म्हटलं. माझा आवाज कर्ण्यातून पेठभर गेला आणि माझा मलाच परका वाटला. खाली कुठेतरी गूळ निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. “पेढी क्रमांक एक, शिवलिंगाप्पा कोरे. भाव एकवीसशे एक!”

टोप्या उडाल्या. फटाक्यांची माळ लागली. पहिल्या थप्पीच्या मालकाने थप्पीवरची झेंडूची माळ काढून स्वतःच्याच गळ्यात घातली. बायकांच्या बाजूने कुणीतरी शिट्टी मारली, चांगली जोरात, आणि पुरुष माना वळवून बघायला लागले. मला इतका आनंद झाला होता की हसावं का रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही केलं.

मग भान आलं. मी वळून माईक आण्णांपुढे धरला. ते दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे होते.

“खाली अजून थप्प्या हाईत,” ते म्हणाले. “दम घे जरा, आन् फुडचा वाच.”